बाबांसारखं कालवायचं

४ जानेवारी, रविवार

ताई,

आत्ताच तिसरं पातेलं घासून आलेय. नखांत कोको आहे, कागदावर डाग पडले तर तो चिखल नाही एवढं लक्षात ठेव.

तू मला फोनवर ब्लॉक केलंस. आईच्या फोनवरून केला तर म्हणालीस, "आई, फोन तिच्या हातात असेल तर ठेवते मी." मग उरलं काय? पत्र. आणि तूच टोमणे मारायचीस ना, इंग्लिश मीडियमवालीला मराठीत चार ओळी लिहिता येतात का? घे. लिहितेय. ऱ्हस्व-दीर्घ बघत बसू नकोस.

मुद्द्यावर येते. मला तुझ्या हॉट चॉकलेटची रेसिपी हवीय.

तू ऑक्टोबरमध्ये गेलीस तेव्हापासून रविवारी चार वाजता आपल्या घरात काहीच होत नाही. आई लायब्ररीतून आणलेलं पुस्तक तोंडापुढे धरते. बाबा दातांचं मासिक धरतात. मी दोघांच्या मधे बसून पंख्याची पाती मोजते. तीनच आहेत, पुन्हा पुन्हा मोजते. आणि हे दोघं आता माझ्यामार्फत बोलतात. आई म्हणते, "तुझ्या बाबांना विचार, गिझर बंद केला का." अगं, बाबा समोर बसलेत! हात लांब केला तर लागतील!

म्हणून मला वाटलं, आपण चॉकलेट करावं. बरोबर चार वाजता कप टेबलावर ठेवावेत. कपाला नाही कसं म्हणणार कोणी? त्यात काय एवढं, तू चौदा वर्षांची असल्यापासून करत होतीस.

त्यात बरंच आहे, हे मला आता कळलंय.

पहिल्या वेळी कोको सरळ उकळत्या दुधात टाकला. तो वर तरंगत राहिला, मी ढवळतेय, तो तरंगतोय. शेवटी गाळणीने गाळलं तर गाळणीत कोको आणि खाली नुसतं मळकट दूध. दुसऱ्या वेळी इंटरनेटवरच्या एका बाईचं ऐकून कॉर्नफ्लोअर घातलं. ती दोन चमचे म्हणाली ते सगळ्या पातेल्याला, मी घातले कपाकपाला. चमचा उभा राहिला. बाबांनी कप उलटा धरला, एक थेंब पडला नाही. म्हणाले, "याच्यात पेशंटच्या जबड्याचा ठसा छान येईल." आईला हसू आलेलं, मी पाहिलं. मग तिला आठवलं की आपण यांच्याशी बोलत नाही, आणि तिने पान उलटलं.

आणि आज दुकानातलं तयार पाकीट आणलं. नुसती साखर. बाबांनी एक घोट घेतला, उठले आणि जाऊन दात घासून आले. भर दुपारी! वर ते पातेल्याला असं चिकटलं की मी अर्धा तास पातेलं घासत होते.

तुझं गोड नसायचं तरी कडू लागायचं नाही. दाट असायचं तरी खळ वाटायचं नाही. कसं? फक्त एवढं लिहून पाठव. बाकी काही लिहू नकोस हवं तर.

झालं ते झालं ना आता. मी मुद्दाम केलं नव्हतं. तोंडातून सुटलं. किती वेळा सांगू?

भोंगा


११ जानेवारी, रविवार

ताई,

आठवडा झाला. पत्र मिळालं नाही असं म्हणू नकोस, मी स्वतः पेटीत टाकलं आणि पेटी हलवून पाहिली.

आज कोकोची अर्धी वाटी आणि साखर अगदी नाममात्र, कारण मी ठरवलं की गोड कमी म्हणजे कोको जास्त. आईने घोट घेतला आणि तिचा डावा डोळा आपोआप मिटला. म्हणाली, "औषध आहे का? जेवणाआधी घ्यायचं की नंतर?" म्हणजे ती तुझ्या बाजूने आहे म्हणून माझ्यावर उखडलेली, धड बोलत नाही, पण टोमणा मारायचं सोडत नाही.

तू एकदा माझ्या जागी उभी राहून बघ. घरात आठ माणसं जेवायला बसलीत. बाबा सगळ्यांना सांगतायत, एक तारखेपासून दवाखान्याच्या पाटीवर माझ्या नावाखाली मोठीचं नाव, पेंटरला सांगून झालंय. सगळे टाळ्या वाजवतायत. आणि तू मान खाली घालून पाणी पितेयस. पाणी! जणू घशात हाड अडकलंय. मी फक्त म्हटलं, "पण ताई तर चॉकलेटच्या कारखान्यात जॉइन होतेय ना?"

एवढंच. एक वाक्य. ते खोटं होतं का? नव्हतं.

त्यानंतरचं मी बोलले का? बाबा म्हणाले, "मी तीस वर्षं लोकांचे दात बुजवले, आता माझी मुलगी ते पोखरायला निघाली." ते मी नाही म्हटलं. आणि तू म्हणालीस, "तुमचेच पेशंट वाढवते." तेही मी नाही म्हटलं! मग सगळा राग माझ्यावरच का? तुम्ही दोघं एकमेकांना लागेल असं बोलायचं आणि दोष कोणाला, तर भोंग्याला.

हो, तू मला बस स्टॉपवर सांगितलं होतंस, शपथ घालून. रविवारी चॉकलेट झाल्यावर मी स्वतः बाबांना सांगणार, तोवर तोंड उघडायचं नाही, म्हणालीस. तो रविवार दोनच दिवसांवर होता, हेही मला माहीत आहे. नको आठवण करून देऊस. मी रोज करून देते स्वतःला.

रेसिपी पाठव.

भोंगा


१५ जानेवारी, गुरुवार

ताई!

कार्ड आलं! तुझं अक्षर बघून मी जिन्यातच ओरडले, खालच्या काकू दार उघडून बाहेर आल्या, त्यांना वाटलं कोणी पडलं.

मग वाचलं.

"दूध चार कप, साय काढलेलं नको. कोको आठ चमचे. सत्तर टक्क्यांचं डार्क चॉकलेट शंभर ग्रॅम. साखर चार चमचे, वर एक दाणा नको. चिमूट मीठ. कोको आधी गरम पाण्यात बाबांसारखं कालव. दूध उकळू देऊ नकोस."

संपलं. वर माझं नाव नाही, खाली तुझं नाव नाही. मी कार्ड उलटं केलं, मागे फक्त पत्ता. पेशंटला लिहून दिल्यासारखं! म्हणजे डॉक्टरकी सोडलीस, पण चिठ्ठी लिहायची सवय गेली नाही.

तरी थँक्यू. मनापासून. पण मला एक कळलं नाही. बाबांसारखं कालव म्हणजे काय? बाबांनी आयुष्यात कधी काही कालवलंय? त्यांचा चहासुद्धा आई ढवळून देते. हा त्यांना टोमणा आहे की मला? की मला मुद्दाम अडकवलंयस? उलट टपाली सांग. नुसता हा एक शब्द सांगितलास तरी चालेल.

भोंगा


१८ जानेवारी, रविवार

ताई,

केलं. कार्ड फ्रिजला चिकटवून, चमचे सपाट करून, चॉकलेट सुरीने बारीक चिरून, सगळं तू लिहिलंस तसं. तो एक शब्द सोडून. तिथे मी साधं चमच्याने ढवळलं.

आणि ताई, जवळ आलं गं! मीठ काय करतं, मला कळलंच नव्हतं. चव खारट होत नाही, पण चॉकलेट एकदम पुढे येतं. साखरेची आठवणच होत नाही. आईने घोट घेतला आणि पुस्तक खाली ठेवलं. उघडंच, पालथं, जे लायब्ररीत काम करणारी आपली आई एरवी कोणालाही करू देत नाही.

मग दुसरा घोट. मग तिने जिभेच्या टोकाला बोट लावलं. "वाळू आहे," म्हणाली.

होती. बारीक बारीक कण. तुझ्यात कधीच नसायचे, तुझं जिभेवरून मखमलीसारखं जायचं. मी गाळलं, मिक्सरला लावलं, फेस झाला नुसता, फेसात वाळू. मला इतका संताप आला की कप सिंकमध्ये आपटला. कान तुटला. निळा कप, तुझा. सांगणार नव्हते, पण माझ्या पोटात काही राहत नाही हे तुला माहीत आहेच.

बाबांनी? त्यांचा कप भरलेला होता. चार वाजता ते घरी नव्हतेच. हल्ली रविवारी दुपारी दवाखान्यात जातात, कुलूपबंद दवाखान्यात. आई म्हणते, "तुझ्या बाबांना घर चावतं." म्हणजे मी ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप करतेय तो माणूस टेबलावरच नाही.

काय उपयोग आहे मग? तूच सांग.

कालवायचं कसं, ते अजून कळवलेलं नाहीस.

भोंगा


२४ जानेवारी, शनिवार

ताई,

आज रेसिपी विचारणार नाही.

मी तुला आत्तापर्यंत जे लिहिलं त्यात एक खोट आहे. चार पत्रं झाली तरी ती मी काढली नाही, आणि मला वाटतं तुला ती माहीत आहे, म्हणूनच तू कार्डवर माझं नाव लिहिलं नाहीस.

तोंडातून सुटलं नव्हतं.

टाळ्या वाजत होत्या ना, तेव्हा बाबांनी तुझ्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "हिच्यामुळे मला आता काळजी नाही." मग कोणीतरी विचारलं, "आणि धाकटी काय करते?" बाबा हसून म्हणाले, "ती बोलते." सगळे हसले. तूही हसलीस. थोडंसंच, पण हसलीस.

मला तेव्हा शपथ आठवत होती. तोंड उघडायच्या आधी आठवत होती, उघडताना पण आठवत होती. मला वाटलं, बोलते ना मी? मग ऐका. तुझा चेहरा पडेल, बाबांचं बोट खाली जाईल, एवढाच हिशोब केला होता. पुढे तू बॅग भरशील, हे डोक्यात आलं नाही. पण पहिलं वाक्य मी विचार करून बोलले.

तुला बाबांना स्वतः सांगायचं होतं. तू कसं सांगणार होतीस, कुठून सुरुवात करणार होतीस, मला माहीत होतं, बस स्टॉपवर तू माझ्यासमोर दोनदा म्हणून दाखवलं होतंस. फार छान होतं. बाबांनी ते ऐकलं असतं तर कदाचित पोखरायचं वगैरे बोललेच नसते. ते त्यांनी ऐकलंच नाही, माझ्यामुळे.

मला माफ कर, असं लिहिलं की लगेच उत्तराची वाट बघावीशी वाटते, म्हणून लिहिताना हात अडतोय. तरी लिहिते. मला माफ कर.

कप चिकटवला. वाकडा बसलाय.

तुझी लहान बहीण


२९ जानेवारी, गुरुवार

ताई, ताई, ताई,

थांब, पहिल्यापासून सांगते, नाहीतर मी मधूनच सुरू करीन.

गुरुवारी दवाखाना अर्धा दिवस असतो ना? मला वाटलं, दुपारी जाऊन मावशींना विचारावं. त्या वीस वर्षं बाबांच्या हाताखाली आहेत, बाबा काही कालवतात का ते त्यांना नक्की माहीत असणार. गेले तर मावशी बाहेर बाकावर बसून लिंबू चोखल्यासारखं तोंड करून विणत होत्या. म्हणाल्या, "आत जाऊ नकोस गं बाई, डॉक्टर कामात आहेत."

"पेशंट आहे?"

"पेशंट कसला. महिना झाला, मला घरी लवकर सोडत नाहीत. प्यायला लावतात. मला रात्री झोप नाही लागत त्या कोकोने!"

मी आत धावले. लवंगेच्या तेलाचा वास आणि त्यात, ताई, चॉकलेटचा वास! मागच्या खोलीत, जिथे कवळ्या घासतात तिथे, मेण वितळवायच्या बर्नरवर स्टीलचं भांडं. बाबा एप्रन घालून, मास्क हनुवटीखाली, हातात ती हिरवी रबराची वाटी, ठशाची पावडर कालवायची. कोरी नवी होती, पाकीट बाजूलाच पडलेलं. आणि ते चपटं पातं. आणि टेबलावर वहीत लिहिलेलं: प्रयोग अकरा.

माझ्याकडे न बघता म्हणाले, "दार लाव. वाफ जाते."

मी म्हटलं, "बाबा, तुम्ही कालवताय."

"मग काय करतोय असं वाटतं तुला?"

मग त्यांनी दाखवलं. वाटी तळहातावर तिरकी धरायची. कोकोवर गरम पाणी थोडंसंच. ढवळायचं नाही. पात्याच्या चपट्या बाजूने वाटीच्या भिंतीला दाबायचं, वाटी फिरवायची, पुन्हा दाबायचं. सगळं चकचकीत होईपर्यंत. म्हणाले, "एक गुठळी राहिली की ठसा वाया, पेशंटला पुन्हा तोंड उघडायला लावायचं. ती दहा वर्षांची होती, तिला इथेच स्टुलावर उभं करून शिकवलं मी. पंधरा दिवसांत माझ्यापेक्षा चांगलं कालवायला लागली. मला वाटलं, दातांची डॉक्टर होणार." पातं पुसलं. "पण तेच ती पुढे घरी कोकोला करत होती. मला आत्ता कळतंय."

मी कधी त्या स्टुलावर उभी राहिले नाही ना, मला कसं माहीत असणार? मला कोणी आत घेतलंच नाही, मी बोलते म्हणून. ते जाऊ दे.

मी प्यायले. ताई, तेच. तुझंच. एक कण नाही.

बाबा म्हणाले, "साखर अजून अर्धा चमचा कमी पाहिजे. तिची कमी असायची." म्हणजे इतकी वर्षं एक शब्द न बोलता कप रिकामा करणारा तो माणूस अर्धा चमचा साखर मोजत होता.

आणि मग त्यांनी सांगितलं. पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी, आठ तारखेला, सकाळच्या बसने ते तुझ्याकडे येणारेत. एकटे. सहा तास. तुझ्या खोलीवर तुझ्यासमोर कालवणार आणि तुला प्यायला देणार. त्यांना तुला काहीतरी बोलायचंय. काय, ते मला सांगितलं नाही. मी विचारलं, दोनदा. पण वहीच्या शेवटच्या पानावर काहीतरी लिहून खोडलेलं होतं, मी तिकडे बघितलं तर त्यांनी वही मिटली.

म्हणाले, "तिला कळवू नकोस."

मी म्हटलं, "अहो पण ती घरी नसली तर? सहा तास जाऊन कुलूप बघून याल?"

"नसली तर पायरीवर बसेन."

"तिने दारच नाही उघडलं तर?"

"तर नाही उघडलं. भोंग्या, तिला माझ्याशी स्वतः बोलायचं होतं, ते राहून गेलं. आता मला बोलायचंय. माझ्या तोंडून जाऊ दे."

ओरडून म्हणाले असते तर बरं झालं असतं. साधं म्हणाले, वाटी धुता धुता. बस स्टॉपवर तू म्हणाली होतीस तेच वाक्य, जवळपास तसंच.

आणि मी घरी येऊन हे सगळं तुला लिहितेय. तीन पानं झाली. पाकिटावर तुझा पत्तासुद्धा घालून ठेवलाय. वेडी आहे का मी?

हे पाठवलं तर तू रविवारी घरी थांबशील, नक्की थांबशील. किंवा मुद्दाम बाहेर जाशील. काही झालं तरी ते माझ्या सांगण्यामुळे होईल, पुन्हा.

नाही पाठवलं तर ते तुझ्या पायरीवर ती हिरवी वाटी घेऊन बसतील आणि तू मैत्रिणीकडे गेलेली असशील, आणि मला इथे आधीच माहीत असेल, आणि मी काही करू शकणार नाही. इतकं चिडायला होतंय ना! एक ओळ लिहायची फक्त. आठ तारखेला घरी राहा. चार शब्द. माझ्या दातांत अडकलेत ते.

नाही.

हे फाडतेय. नवीन लिहिते.


२९ जानेवारी, गुरुवार

ताई,

कशी आहेस? इथे थंडी आहे. खालच्या काकूंनी जिन्यात कुंड्या ठेवल्यात, मी दोनदा अडखळले.

हॉट चॉकलेट जमलं. कालवायचं कसं ते समजलं, आता कळवायची गरज नाही. साखर तू लिहिलीस त्याहून थोडी कमी केली तरी चालते असं दिसतंय.

मागच्या पत्रात लिहिलं ते सगळं खरं आहे. त्याला उत्तर पाठवलंच पाहिजे असं नाही.

आई बरी आहे. बाबा बरे आहेत. घरात नवीन काही नाही.

तुझी लहान बहीण